सेमिनारला जैविक युद्ध घेतलंय, मग युनिट 731, ग्रुनार्ड की स्वेर्डलोव्स्क?

भाची अंबाजोगाईला एमएस्सी मायक्रो करतेय. परवा फोन आला, मामा, जैविक युद्धावरचं सरकारी संशोधन असा विषय मिळालाय, वेळ वीस मिनिटं, एकच केस घ्यायचीय, कोणती घेऊ? तिला सांगितलं तेच लिहितो, अजून कुण्या लेकराच्या कामी येईल.

युनिट 731 सगळ्यांनाच आधी सुचतं. जपानी लष्कराचं केंद्र, हार्बिनजवळ पिंगफानला, प्रमुख शिरो इशी. जिवंत कैद्यांवर प्रयोग केले, 1940 ला निंगबो शहरावर विमानातून प्लेगच्या पिसवा टाकल्या, अन् युद्ध संपल्यावर अमेरिकेनं माहितीच्या बदल्यात इशीला खटल्यातून वाचवलं. हे सगळ्यांना माहीत असायलाच पाहिजे. पण वीस मिनिटांत ऐकणारा सुन्न होऊन बसतो आणि मायक्रोबायोलॉजी बोलायची राहूनच जाते.

ग्रुनार्ड सोपं आहे. स्कॉटलंडजवळचं छोटं बेट, 1942 ला ब्रिटिशांनी तिथं मेंढ्या बांधून काळपुळीच्या बीजाणूंचे (जंतूचं कठीण कवचातलं, वर्षानुवर्षं टिकणारं रूप) बॉम्ब फोडले. काळपुळी म्हणजे ज्याला आपल्याकडं जनावराची फाशी म्हणतात तोच रोग. मेंढ्या काही दिवसांत मेल्या, बेट मात्र 1990 पर्यंत बंद, 1986 ला 280 टन फॉर्मल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात कालवून जमिनीवर मारलं तेव्हा कुठं माती साफ झाली. बीजाणू मातीत किती वर्षं टिकतात हे दाखवायचं असेल तर हीच केस घ्यावी, ज्याच्या घरी मेंढरं आहेत त्याला एका वाक्यात कळतं.

पण मी तिला स्वेर्डलोव्स्क घे म्हणालो, हे सोव्हिएत युनियनमधलं शहर. 1925 च्या जिनिव्हा करारानं जैविक हत्यारांच्या फक्त वापरावर बंदी होती, संशोधन मोकळंच होतं. 1972 च्या करारानं अशी हत्यारं बनवणं, साठवणंसुद्धा बंद केलं, 1975 ला तो लागू झाला, सोव्हिएत युनियनची सही होती, आणि तरी एप्रिल 1979 ला त्यांच्याच लष्करी कारखान्यातून काळपुळीचे बीजाणू हवेत सुटले. किमान 66 माणसं मेली. सरकार म्हणालं, रोगी जनावराचं मटण खाल्लं म्हणून मेली. फाइना अब्रामोवा आणि लेव ग्रिनबर्ग या दोन पॅथॉलॉजिस्टनी शवविच्छेदनाचे नमुने अन् नोंदी लपवून जपल्या, त्यात रोग श्वासातून गेल्याचं स्पष्ट दिसत होतं. 1992 ला अमेरिकन शास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेलसनची टीम तिथं गेली, घरोघर विचारून मेलेली माणसं त्या दिवशी कुठं होती ते नकाशावर मांडलं, तर बहुतेक ठिपके कारखान्यापासून वाऱ्याच्या दिशेनं एका अरुंद पट्ट्यात, आणि पुढं त्याच रेषेत 50 किलोमीटरपर्यंतच्या गावांत जनावरं मेलेली.

हे मला एवढं महत्त्वाचं काहून वाटतं सांगतो. 1994 ला आपल्या बीड जिल्ह्यात मामला गावात प्लेग निघाला, मग सुरत, आणि हा कुणीतरी मुद्दाम सोडलाय अशी कुजबुज झालीच की. खरं कारण म्हणून किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीनं बंद ठेवलेली घरं, त्यातलं धान्य आणि वाढलेले उंदीर याकडं बोट दाखवलं गेलं. कुजबुज खरी की खोटी हे कसं तपासायचं ते स्वेर्डलोव्स्कमधी शिकायला मिळतं, बाकी दोन्ही केसमधी तेवढं नाही.

मांडताना करार आधी सांगत बसू नको म्हणालो. फळ्यावर कारखाना काढ, वाऱ्याचा बाण काढ, ठिपके टाक, अन् मग सांग की सरकार मटण म्हणत होतं.