कागदी संग्रह पुरापासून कुठे जपावा : बँकेचा लॉकर की घराचा वरचा मजला?

ज्यांच्या घरी टपाल तिकिटे, करवीर संस्थानच्या काळातील कोर्ट फीचे कागद, जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका किंवा काडेपेट्यांवरील चित्रे असा कागदी संग्रह आहे आणि ज्यांचे घर पंचगंगेच्या लाल पूररेषेच्या आत किंवा तिच्या आसपास आहे, त्यांना पावसाळ्यापूर्वी हा संग्रह कुठे हलवायचा, याचा निर्णय २०१९ नंतर टाळता येत नाही. कोल्हापुरातील संग्राहकांकडून त्यावर मुख्यतः दोन उत्तरे ऐकू येतात. काही जण बँकेत लॉकर घेतात, तर काही जण घराच्याच वरच्या मजल्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यांत संग्रह ठेवतात. माझ्या शाहूपुरीतील घराच्या तळमजल्यावर असलेला संग्रह २०१९ च्या महापुरात गेल्यानंतर उरलेल्या आणि नव्याने जमवलेल्या वस्तूंसाठी मी हे दोन्ही मार्ग वापरले आहेत. माझा अनुभव सर्वांना जसाच्या तसा लागू पडेल असा माझा आग्रह नाही, परंतु निवड करताना ज्या बाबी सहसा कोणी सांगत नाही, त्या येथे मांडाव्यात असे वाटते.

निवडीआधी पुराची रीत ध्यानात घ्यायला हवी, कारण सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. पंचगंगेचा पूर हळूहळू चढतो आणि त्याहून हळू उतरतो. नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते आणि कृष्णाही फुगलेली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही. मग जयंती नाल्यातून मागे शिरलेले पाणी शहराच्या सखल भागांत दिवसच्या दिवस थांबून राहते. म्हणजे कागद नुसता भिजत नाही, तो गाळाच्या पाण्यात मुरतो. आमच्या भागात बहुतेकांनी २००५ च्या पुराची भिंतीवरची खूण प्रमाण मानली होती आणि सामान तिच्या वर चढवले होते. माझे अल्बमही पोलादी कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ती खूण ओलांडून वर गेले.

ओसरल्यानंतर जे हाती लागले, त्यातून कोणता कागद पाण्याला किती दाद देतो हे मला फार जवळून कळले. शिक्का मारलेली वापरलेली तिकिटे बरीचशी वाचली. पाकिटावरून तिकीट सोडवताना ते आपण पाण्यातच घालतो, त्यामुळे स्वच्छ पाण्यात गाळ धुऊन टिपकागदांच्या मध्ये वाळवल्यावर त्यांतील बहुतेक पुन्हा ठेवण्याजोगी झाली. कोऱ्या तिकिटांचे तसे नाही. १९४८ साली निघालेल्या गांधीजींच्या संचातील दीड आणा, साडेतीन आणे आणि बारा आणे ही तिन्ही तिकिटे माझ्याकडे मूळ गोंदासह होती. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली ती तिकिटे समोरून आजही सुंदर दिसतात, पण मागचा गोंद वाहून गेला आणि कोऱ्या तिकिटाचे संग्राहकाच्या लेखी जे मोल असते, ते त्या गोंदाबरोबर गेले. कोर्ट फीच्या कागदांवरील छपाई टिकली, मात्र त्यांवरचा हाताने लिहिलेला मजकूर फिकट निळा डाग होऊन पसरला. सर्वांत मोठी हानी गाण्यांच्या पुस्तिकांची झाली. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्या चार वर्षांतील पुस्तिका कोल्हापूरकराच्या संग्रहाचे काळीज असतात. त्यांच्याबरोबर ठेवलेल्या पुढच्या काळातील गुळगुळीत मुखपृष्ठांच्या पुस्तिका एकमेकींना अशा चिकटल्या की वाळल्यावर त्या कधीच सुट्या झाल्या नाहीत, आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या जुन्या पुस्तिकाही त्यांच्याबरोबर गेल्या. त्या पुस्तिका माझ्या वडिलांनी जमवलेल्या होत्या. पैसे मोजून तशाच दुसऱ्या मिळाल्या, तरी त्यांच्या मागच्या पानावरचे वडिलांचे अक्षर मिळणार नाही, आणि या विषयावर मी इतक्या आस्थेने लिहितो आहे त्याचे कारणही तेच आहे.

आता लॉकरविषयी. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. चोरीची धास्ती नाही, घरातल्या शॉर्टसर्किटची धास्ती नाही, उंदीर आणि वाळवी यांची चिंता जवळपास नाही आणि नामनिर्देशन केलेले असेल तर आपल्या पश्चात संग्रह कोणाच्या हाती जावा हेही नीट ठरते. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे लॉकरमधील वस्तूंची हानी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. मात्र त्याच नियमांत भूकंप, पूर, वीज पडणे अशा नैसर्गिक आपत्तींमुळे झालेल्या हानीसाठी बँक जबाबदार नसल्याचे म्हटले आहे. आपली जागा अशा आपत्तींपासून जपण्याची योग्य ती काळजी मात्र तिने घ्यावी अशी अपेक्षा आहे. ज्या संकटासाठी आपण लॉकर घेत आहोत, नेमके तेच संकट भरपाईच्या बाहेर आहे, ही गोष्ट करारावर सही करण्यापूर्वी माहीत असलेली बरी. शिवाय तिजोरीचे वजन पेलावे म्हणून अनेक शाखांमध्ये लॉकरची खोली तळमजल्यावर किंवा तळघरात असते.

तरीही या कारणांमुळे मी लॉकर सोडला नसता. मला अखेरीस असह्य झाली ती गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे पाणी चढत असताना संग्रहापर्यंत पोहोचता न येणे. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि पावसाळ्यात कोल्हापुरातले प्रत्येक घर त्या आकड्यांकडे कान लावून असते. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, याची बातमी रात्री कितीही वाजता येते, आणि ते पाणी शहरापर्यंत येण्यापूर्वी हाती काही तास असतात. आपल्या पुराने दिलेली ही एकमेव सवलत आहे, आणि लॉकर ती सवलत काढून घेतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरातच १० तारखेला दुसरा शनिवार, ११ ला रविवार आणि १२ ला बकरी ईद आली होती. २०२१ च्या जुलैमध्ये २३ तारखेच्या शुक्रवारी शहरात पाणी पसरत होते, आणि पुढे २४ ला चौथा शनिवार व २५ ला रविवार होता. त्या वेळी माझे अल्बम एका शाखेच्या तळमजल्यावरील लॉकरमध्ये होते, किल्ली माझ्या खिशात होती आणि त्या किल्लीचा काहीही उपयोग नव्हता. शाखा उघडी असती तरी मधला रस्ता पाण्याखाली होता. पाणी शाखेच्या पायऱ्यांपर्यंत येऊन थांबले, आत शिरले नाही, हे मला पूर ओसरू लागल्यावर समजले. तोपर्यंतच्या रात्री कशा गेल्या हे सांगण्याची गरज नाही. ज्यांनी एकदा संग्रह गमावला आहे त्यांना ते ठाऊक आहे.

त्यानंतर लॉकर उघडला, तेव्हा आणखी एक बाब ध्यानात आली. लहान लॉकरची उंची वीतभरही नसते, त्यामुळे अल्बम उभे ठेवता येत नाहीत, एकावर एक आडवे रचावे लागतात. पावसाळी दमट हवा आणि वरच्या अल्बमांचा भार यांमुळे खालच्या अल्बममधील काही कोरी तिकिटे पानाला धरली होती. पुराचा एक थेंबही न लागता झालेली ही हानी होती. सिलिका जेलच्या पुड्या मी ठेवल्या होत्या, पण त्या ओल्या झाल्या की नाही हे पाहायला, आणि झाल्या असल्यास बदलायला, पावसाळ्यात वारंवार बँकेत जाणे नोकरी करणाऱ्या माणसाला जमत नाही. मोठा लॉकर घेतला तर हा त्रास कमी होईल, हे मान्य करायला हवे. मात्र मोठ्या लॉकरसाठी बहुधा प्रतीक्षा यादी असते आणि भाडेही त्या प्रमाणात वाढते.

वरच्या मजल्याची व्यवस्था दिसायला साधी आहे, तिला लागते ती शिस्त. मी झाकणाला रबरी कडे आणि चारी बाजूंना पकडी असलेले पारदर्शक प्लास्टिकचे डबे घेतले. अल्बम त्यांत उभे राहतील एवढी खोली पाहूनच डबे निवडावेत. मे महिन्याच्या अखेरीस, मृग निघण्यापूर्वी, हवा कोरडी असताना अल्बम मोकळ्या हवेत फिरवून घ्यावेत, डब्यात भाजून कोरडे केलेले सिलिका जेल ठेवावे आणि झाकण लावावे. ओलाव्याने रंग बदलणारे जेल वापरले तर डबा न उघडता बाहेरूनच कळते की पुडी बदलायला हवी. दसऱ्यानंतर ऊन स्थिर झाले की डबे उघडावेत. झाकण पावसाळ्याच्या मध्यावर लावले तर दमट हवाच आत कोंडली जाते, म्हणून वेळ पाळणे महत्त्वाचे आहे.

या मार्गातले दोषही सांगितले पाहिजेत. वरचा मजला पुरापासून दूर असतो, पावसापासून नव्हे. स्लॅबची गळती, कौलांतून येणारा झोत आणि पश्चिमेच्या भिंतीला धरणारी ओल या तिन्ही गोष्टी कोल्हापुरात गृहीत धरायच्या असतात. म्हणून डबे बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत, जमिनीपासून उंच अशा मांडणीवर असावेत. पुरात घर सोडून जावे लागले तर रिकाम्या घरात संग्रह एकटा राहतो, ही काळजी खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. मात्र २०२१ नंतर सगळा कागदी संग्रह मी वर आणला, आणि २०२४ च्या जुलैमध्ये नदीने पुन्हा धोका पातळी ओलांडली तेव्हा मला शांत झोप लागली. डबे जिन्याच्या पलीकडे होते, पुडीचा रंग दिसत होता, आणि गरज पडलीच तर रात्री दोन वाजताही ते हलवता येणार होते. मोजमाप म्हणून हा पुरावा अपुरा आहे, पण माझा कौल त्यानेच ठरवला.

विम्याच्या भरवशावर कोणी निर्धास्त राहत असेल तर त्याने पॉलिसीतील अपवाद वाचावेत. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराने झालेली घराची आणि सामानाची हानी येते, परंतु हस्तलिखिते, दस्तऐवज, नाणी आणि कागदी चलन यांसारख्या वस्तू पॉलिसीत स्वतंत्रपणे नमूद केल्याशिवाय येत नाहीत. मौल्यवान वस्तूंसाठी आधी मूल्य ठरवून घेतले जाणारे वेगळे संरक्षण मागता येते, आणि त्यासाठी प्रत्येक वस्तूचे छायाचित्र व यादी तयार असलेली बरी. ही यादी संग्रहाबरोबर त्याच डब्यात ठेवू नये.

कळंबा किंवा पाचगावसारख्या उंचावरच्या भागात बहिणीकडे अथवा मित्राकडे पावसाळ्यापुरते डबे ठेवण्याचा तिसरा मार्गही काही जण सुचवतात. ज्यांना तो सहज जमतो त्यांनी अवश्य स्वीकारावा. मला दुसऱ्याच्या घरात दरवर्षी चार महिने जागा अडवणे योग्य वाटले नाही.

नाण्यांच्या बाबतीत माझे मत उलट आहे. शिवराई असो वा चांदीचा रुपया, धातूला आडवे राहण्याने काही होत नाही, दमट हवेने तो डागाळला तरी कागदासारखा नष्ट होत नाही, आणि चोराला तिकिटापेक्षा चांदी लवकर ओळखता येते. त्यामुळे माझी नाणी आजही लॉकरमध्येच आहेत, फक्त तो लॉकर आता राजारामपुरीत, शाखेच्या पहिल्या मजल्यावर आहे. ज्यांचे घर बैठे आहे, किंवा चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत ज्यांनी २०१९ मध्ये घरेच्या घरे बुडालेली पाहिली आहेत, त्यांच्यासाठी वरच्या मजल्याचा पर्याय उरतच नाही, आणि त्यांनी कागदी संग्रहासाठीही लॉकरच घ्यावा असे मी म्हणेन. मात्र तो घेताना भाड्याच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात: लॉकरची खोली कोणत्या मजल्यावर आहे, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्या इमारतीच्या कोणत्या पायरीपर्यंत आले होते, आणि आपला सर्वांत उंच अल्बम त्यात उभा राहतो का. तिसऱ्या प्रश्नासाठी अल्बम बरोबर घेऊनच जावे.