परागाच्या नावाखाली हळद: ॲन्थुरियम लावणाऱ्यांनी जपून राहा

ॲन्थुरियम या शोभेच्या झाडाचा पराग ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी लिहिते आहे. माझे दीड हजार गेले, तुमचे जाऊ नयेत.

या झाडाची तऱ्हा तुम्हाला माहीतच आहे. फुलाच्या मधल्या दांड्यावर आधी चिकट थेंब चमकतात, म्हणजे फळ धरायची तयारी. पराग सुटतो त्यानंतर, थेंब वाळल्यावर. म्हणून एकच फूल असलं की साठवलेला पराग तरी हवा किंवा दुसऱ्याकडून तरी मागवायचा. ठकवणारे नेमके इथंच टपून असतात.

माझ्या क्रिस्टॅलिनम जातीच्या ॲन्थुरियमला श्रावणात फूल आलं. ग्रुपवरच्या एकानं वॉरोक्वेयानम या दुसऱ्या जातीचा पराग पाठवला, फॉइलची पुडी, 'ताई, फ्रीजरमधला आहे' म्हणून. रोज सकाळी मऊ ब्रशनं लावला. दांडा पिवळा पडून गळाला. विचारलं तर म्हणतो, 'ताई, तुमच्या विदर्भाच्या उन्हात पराग टिकणार कसा?' अहो, इकडं आर्वीला तेव्हा झड लागलेली, कपडे वाळेनात!

तिथंच शंका आली. पुडीत थोडी पावडर उरली होती. सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यात कालवली, तर कुंकवासारखी लाल झाली. हळद! हायस्कूलच्या सरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. एका झाडाचा पराग साधारण एकसारखा दिसतो, यात लहानमोठे कोनेदार दाणे होते. हळद घातलेलं पीठच ते.

पैशापेक्षा फूल वाया गेल्याचा राग जास्त आहे. फळ पिकायला कित्येक महिने लागतात, तोवर गिऱ्हाईक आपल्याच हवेला, आपल्याच हाताला दोष देत बसतं. यांचा धंदा त्यावरच चालतो. माझा नंबर तर त्यानं लगेच ब्लॉक केला.

पैसे देण्याआधी त्या फुलाचा तारखेसह फोटो मागा. पराग सिलिका जेलवर (ओल शोषणारे दाणे) सुकवून, हवाबंद बाटलीत, फ्रीजरला ठेवलाय का ते विचारा; ओल राहिली की तो मरतो. आल्यावर चिमूटभर तपासा: १०० मिली पाण्यात १० ग्रॅम साखर, त्यात अगदी किंचित बोरिक पावडर, त्याचा थेंब काचपट्टीवर. जिवंत परागाला काही तासांत बारीक नळ्या फुटलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. जुना पराग मेलेला असू शकतो, पण पीठ असेल तर दाण्यांवरूनच कळतं.

फसलात तर यूपीआयचा पुरावा ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी तक्रार नोंदवली आहे.