‘ॲट’ कमांड, आठ महिने वापरून

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) चालणारा जुना पीसी आहे, त्याची देखभाल माझ्याकडे. गेल्या वर्षी मार्चअखेरीला जुन्या हिशेबाचं फोल्डर हलवायला क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा कामं चालवणारा प्रोग्राम) एक ओळ टाकली आणि काढायची राहिली. क्रॉनच्या ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना, वार असतो; वर्षाचा रकानाच नाही. यंदा त्याच रात्री ती ओळ पुन्हा चालली आणि चालू हिशेबही जुन्या फोल्डरात जाऊन बसले. त्या दिवसापासून एकदाच करायचं काम ‘ॲट’कडे; ही कमांड सांगितलेल्या वेळी काम एकदाच चालवते.

डेबियनवर ते वेगळं टाकावं लागलं. ‘ॲट २३:३०’ म्हणायचं, कमांड लिहायची, कंट्रोल-डी दाबायचं. काम झालं की रांगेतून आपोआप जातं. ‘टीटाईम’ लिहिलं तर दुपारचे चार धरतं. आमच्याकडे चहा तेव्हाच येतो, म्हणून मला ते फार आवडलं.

पहिला फटका शेलचा, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा. कामं बॅशमध्ये नाही, साध्या ‘एसएच’मध्ये चालतात. माझ्या स्क्रिप्टमधले, बॅशला कळणारे दुहेरी चौकोनी कंस तिथे अडले आणि मला पत्ताच नाही, कारण एरर मेलने येते आणि त्या पीसीवर मेल बसवलेलंच नव्हतं. आता प्रत्येक कामाचं आउटपुट फाईलमध्ये वळवतो.

दुसरा फटका लाईटचा. रात्री साडेअकराचा बॅकअप लावला होता. अकराला लाईट गेली, थोड्या वेळाने इन्व्हर्टरही बसला. सकाळी नऊला पीसी चालू केला तर राहिलेलं काम लगेच सुरू! बाहेर ट्रक उभे, आत पावती निघेना. शेठ मागे येऊन म्हणाले, ‘‘भाऊ, हाई काय शे?’’ चुकलेलं काम टाकून न देता नंतर उरकणं हा खरं तर गुणच, पण वेळ नेमकी वाईट. आता बॅकअप ‘-क्यू’पुढे मोठा ‘बी’ लावून टाकतो. मग वेळ झाली तरी लोड (मशीनवरचा कामाचा ताण) १.५ च्या खाली येईपर्यंत ते थांबतं. एकदा सुरू झालं की मात्र मध्ये थांबत नाही, त्यामुळे सकाळी पीसी लावल्यावर आधी ‘एटीक्यू’ (रांगेतल्या कामांची यादी) बघतो.

तिथेही एक वैताग आहे. नंबर आणि वेळ दिसते, काम कोणतं ते नाही. ‘ॲट -सी’ नंबरासकट मारलं की आधी एन्व्हायर्नमेंटच्या ओळींची लांबलचक माळ, आणि आपली कमांड पार तळाशी. मी सरळ ‘टेल’ लावतो, म्हणजे फक्त शेवटच्या ओळी दिसतात.