सासूबाईंच्या शास्त्राचं बाइंडिंग, शहागंज, छत्रपती संभाजीनगर – ५ पैकी ४ स्टार

आधी सांगते की काम चांगलं झालं. एक स्टार का कापला ते पुढं येईलच.

सासूबाईंचं पवित्र शास्त्र (बायबल) होतं, मोठ्या टायपाचं, पाठ पार सुटलेली आन मधली पानं रबर लावून ठेवलेली. जालन्यात दोन झेरॉक्सवाल्यांना विचारलं तं म्हणले स्पायरल करून देतो. शास्त्राला स्पायरल! मंग शेजारच्या बाईनं शहागंजातल्या ह्या चाचांचा पत्ता दिला. दुकान म्हणजे एक फळी, एक लोखंडी दाब आन खळीचा डबा, बोर्ड नाही, लवकर सापडत नाही. जालन्याहून ६० किलोमीटर बसमधे मांडीवर घेऊन गेले.

घाई याच्यासाठी की पोरगा अग्निवीर आहे, वर्षाला ३० दिवस सुट्टी, त्यातली २० दिवस आला होता आन जाताना म्हणला आजीचंच शास्त्र पाहिजे. फुकट बायबल वाटणाऱ्या गिडिअनवाल्यांचा खिशातला नवा करार (शास्त्राचा दुसरा भाग) आहे त्याच्याकडं, मोबाइलमधे पण आहे, पण फोन कधी कधी जमा करावा लागतो म्हणे. आता एवढी वीट तो किटमधे कशी नेणार?

चाचांनी पुस्तक हातात घेतलं, पहिले वरच्या फळीवर कपडा टाकून ठेवलं मंग बाकीची गिऱ्हाइकं उरकली. मंग म्हणले, दो जिल्द करते, कहाँ से अलग करना बताओ. मी मलाखी, म्हणजे जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक, संपतं तिथं बोट ठेवलं, कारण नव्या कराराला नावाचं पान वेगळं असतं. त्यांनी फर्मे (एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे) मोजले, जुना दोरा उसवला. कागद इतका पातळ आहे की नुसता गोंद लावला तं पान अकडतं, शिवणच घालावी लागते, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. दोन्हीचे मिळून ७०० रुपये. मला महाग नाही वाटलं.

परत येताना बसमधे एकच चाललं होतं डोक्यात, की आता त्याच्याबरोबर काय जाणार आन माझ्याकडं काय राहणार. अब्राहाम आन इसहाकाचा अध्याय, देवानं बापाकडं पोराचा बळी मागितला तो, माझ्याकडं राहिला. फौजीच्या आईला लोक तो फार ऐकवतात, उत्पत्ती २२. तीन दिवसांची वाट, लाकडं पोराच्याच खांद्यावर. पण त्या अख्ख्या अध्यायात पोराच्या आईचं, सारेचं नाव नाही, तिला कुणी विचारलंच नाही, आन २३ वा अध्याय उघडला की ती १२७ वर्षांची होऊन मेलेली. मला तं विचारलं होतं. भरतीच्या वेळी साडेसतराचा होता, अठराच्या आत असला की फॉर्मवर आईबापाची सही लागते. ती माझी आहे. वडील नाहीत त्याचे.

१५ ऑगस्टला उपासनेत बलिदान बलिदान म्हणून साक्षी झाल्या की मला बसवत नाही. वेदीवर मी कुणाला ठेवलेलं नाही, नोकरीला पाठवलंय, पगार मिळतो, आन चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच ठेवणार हे पण माहितीय. फोनवर तो काय सांगतो? रेशन उचललं, पाणी भरलं, बूट वाळवले, ज्याला ताप आला त्याची ड्युटी केली. मला त्याच्यात योहान १३ दिसतं, प्रभूनं कमरेला रुमाल बांधला आन पाय धुतले ते. लूक ३ मधे शिपाई येऊन बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात आम्ही काय करावं, तं तो नोकरी सोडा म्हणत नाही, म्हणतो कुणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना. हे दोन्ही नव्या करारात, म्हणजे त्याच्या जिल्दीत गेलं. बरं झालं.

चाचांनी त्याच्या जिल्दीच्या शेवटी चार कोरी पानं टाकली होती, न मागता. स्तोत्र ९१ जुन्या करारातलं, माझ्याकडं राहिलेलं, म्हणून त्याच्यावर मी ते लिहायला बसले, पाळकसाहेब म्हणले होते फौजेतले लोक हेच म्हणतात. सहा ओळी... म्हणजे सहा वचनं झाली. सातव्यात येतं, तुझ्या बाजूला हजार पडतील, तुझ्या उजव्या हाताला दहा हजार, पण तुझ्याजवळ ते येणार नाही. पेन थांबला. त्या हजारांच्या आया कुठं गेल्या मंग? त्यांनी पण कोऱ्या पानावर काही लिहूनच दिलं असेल ना. सातवं वचन नाही लिहिलं. चुकलं असेल तं प्रभू बघून घेईल. खाली त्याच्या पलटणीतल्या पोरांची, मला माहीत असलेली नावं लिहिली, त्यात दोन सरदार आहेत, एक मुसलमान आहे, बाकी आपलेच. तिथं सगळ्यांचं एकच सर्वधर्म स्थळ असतं.

आता तक्रार. बुधवारी देतो म्हणले आन पाच वेळा फोन केला तं एकदाच उचलला. हातात आलं ते थेट त्याच्या गाडीच्या दिवशी सकाळी, तेव्हा लिहायचं जे काही ते मी स्टेशनच्या बाकावर बसून लिहिलं. दुसरं म्हणजे मशीनवर कडा कापताना सासूबाईंनी समासात पेनानं लिहिलेलं थोडं कापल्या गेलं, एका ठिकाणी नुसतं ‘आज पाऊ’ एवढंच उरलंय. चाचांना दाखवलं तं त्यांचा चेहरा पडला, १०० रुपये परत देत होते, मी घेतले नाही. पण तुम्ही कापायचं नाही असं आधीच बजावून सांगा.

पोरगा जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसमधे बसला आन मी इकडं संभाजीनगरच्या प्लॅटफॉर्मवर. गाडी आली, लंगरवाले सरदार बादल्या घेऊन डब्यापाशी पळत होते, ह्याच्या एका हातात डाळीचा डबा आन दुसऱ्या हातात मी खिडकीतून पुस्तक कोंबलं. डाळीचा एक थेंब कव्हरवर पडला. रेक्झिन आहे, पुसल्या जातं.

माझ्याकडची मोठी जिल्द पण छान बसलीय, उघडली की सपाट राहते. सोनेरी अक्षरं टाकायची असतील तं कागदावर स्वतः लिहून द्या. आन सुट्टे पैसे न्या, चाचांकडं स्कॅनर नाही.