एम२ चे टायर: ट्रॅकवर जायचं आणि त्याच टायरवर इंदूरला परत यायचं

टायर टाकून १४ महिने झाले, १३ हजार किलोमीटर आणि तीन ट्रॅक डे (म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) झालेत, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. गाडी बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशन, सेकंडहँड घेतलेली, ४१० हॉर्सपॉवर, सगळी ताकद मागच्या चाकांना. माप पुढे २४५/३५ आर१९ आणि मागे २६५/३५ आर१९. टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस, पुढे नुसतं ४एस म्हणतो.

इथे गाडीवाल्यांमध्ये बसलो की पहिला प्रश्न हाच येतो की ट्रॅकवर जातोस तर सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचे ट्रॅककडे झुकणारे टायर, का नाही टाकत. टाकले होते ना. ह्याच्या आधीचा सेट सेमी-स्लिकच होता, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चूक टायरची नव्हती, माझी होती. कोरड्यात तो टायर असा चिकटतो की विचारू नका. पण जुलैमध्ये आईला घेऊन महूहून परत येत होतो, पाऊस जोरात, बायपासवर एका ठिकाणी पाणी साचलेलं, स्पीड जेमतेम ८० आणि एकदम स्टिअरिंग हलकं झालं, हातात काहीच नाही असं, गाडी पाण्यावर तरंगत अर्धी लेन सरकली आणि मग परत पकडली. सगळं मिळून दोन सेकंद असतील. आईने दरवाज्याचं हँडल घट्ट धरलं होतं ते घर येईपर्यंत सोडलं नाही. ती मला एक शब्द बोलली नाही आणि मला तेच जास्त लागलं. घरी येऊन गेज लावला तर खाचांची खोली ३ मिलिमीटर राहिलेली. कायद्याने १.६ चालते, पण सेमी-स्लिकला मुळातच खाचा कमी, त्यात झिजलेला, तर पाणी बाहेर फेकायला जागाच उरत नाही. त्याच आठवड्यात ठरवलं, हा सेट उतरवायचा.

आता मुद्दा असा आहे की आपल्याकडे ट्रॅक दाराशी नाही. पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झाला, अभिमानाची गोष्ट आहे, पण तो टेस्टिंगसाठी आहे, मनात आलं आणि रविवारी गाडी घेऊन गेलो असं तिथे होत नाही. मी जातो ते ग्रेटर नोएडाला, बुद्ध सर्किट ह्या रेस ट्रॅकवर, म्हणजे देवास, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा आणि मग यमुना एक्सप्रेसवे, जवळजवळ ८०० किलोमीटर. ट्रेलर माझ्याकडे नाही, दुसरी चार चाकं नेणारी गाडी बरोबर नाही. ज्या टायरवर लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारायचे त्याच टायरवर गुण्याचे खड्डे झेलायचे आणि त्याच टायरवर रात्री घरी यायचं. टायरला अर्धा तास ट्रॅक आणि पंधरा तास रस्ता मिळतो, मग निवड कुठल्या हिशोबाने करायची सांगा.

टायरवर ट्रेडवेअर म्हणून एक आकडा छापलेला असतो. ४एस वर ३००, ट्रॅककडे झुकणाऱ्या टायरवर बऱ्याचदा १८० किंवा २००. आकडा जितका कमी तितकं रबर साधारण मऊ आणि लवकर झिजणारं. पण हे आकडे कंपन्या स्वतःच टेस्ट करून देतात त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसरीशी तंतोतंत लावू नका, अंदाज घ्यायला ठीक. ४एस मधली मला आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच टायरवर दोन प्रकारचं रबर आहे, बाहेरच्या बाजूला कोरड्या ग्रिपसाठीचं आणि आतल्या बाजूला ओल्या रस्त्यासाठी सिलिकावालं. वळणात वजन बाहेरच्या खांद्यावर येतं आणि पावसात आतल्या खाचा काम करतात. गेला पूर्ण पावसाळा मी ह्यावर काढला, मानपूरच्या घाटातसुद्धा, एकदाही ते हलकं स्टिअरिंग परत आलं नाही. आई आता गाडीत बसते.

बाकीचे पर्यायही बघितले होते. ब्रिजस्टोनचा कारखाना आपल्या पिथमपूरजवळ खेडा नावाच्या गावी १९९८ पासून आहे म्हणून मनात आधी त्यांचा पोटेन्झाच होता, मित्राच्या गाडीला पोटेन्झा स्पोर्ट आहेत आणि स्टिअरिंग हलवलं की गाडी लगेच वळते, मस्त वाटतं. पण माझं माप अडचणीचं. २०२० च्या जूनपासून नवीन टायरच्या आयातीवर निर्बंध आले आणि तेव्हापासून १९ इंची मापात जे मिळेल ते घ्या अशी परिस्थिती, पुढचे मिळतात तर मागचे नाहीत. दोन मॉडेल मिसळून लावू नका, पुढे एक आणि मागे दुसरं असं तर अजिबात नाही, मागच्या चाकांनी आधी पकड सोडली तर ४१० हॉर्सपॉवर सांभाळायला वेळ मिळत नाही. मी दोन महिने थांबलो पण चारही सारखेच घेतले.

एका दुसऱ्या शहरातल्या दुकानदाराने मला फोनवर "एकदम फ्रेश माल" सांगून जे दाखवलं ते चार वर्षं जुनं होतं. टायरवर डीओटी लिहून पुढे एक नंबर असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख, ते बघा, १४२१ म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा. हा पूर्ण नंबर बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू रिमवर चढल्यावर आत गेली की मग लिफ्टखाली वाकून टॉर्च मारत बसा. म्हणून टायर चढवायच्या आधीच, जमिनीवर आडवा ठेवून, बोटाने धूळ पुसून चारही टायरचे आकडे वाचायचे आणि फोटो काढायचे.

शेवटी काम देवास नाक्याजवळच्या एका छोट्या दुकानात केलं आणि त्यांचं कौतुक करायलाच पाहिजे. ३५ प्रोफाइलची साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, एवढीशी असते, जोर लावून ओढली तर टायरची कड फाटते नाहीतर रिमला ओरखडा येतो. तिथला फिटर मराठीच निघाला, मूळ धारचा, त्याने मशीनच्या हाताला प्लॅस्टिकची टोपी लावली, कडेला साबणाचं पाणी नीट फिरवलं आणि टायर हळू हळू बसवला, घाई नाही. मी सांगितलं की बोल्ट हवेच्या गनने आवळायचे नाहीत, मोजून १४० न्यूटन मीटर, तर म्हणाला, "दादा, गन मी लावतच नाही असल्या गाडीला." आधी हाताने बोल्टचे आटे पकडवले, मग टॉर्क रेंचने आडवे-तिडवे, टक्‌ आवाज आला की थांबला. आणि निघताना स्वतःहून म्हणाला, "पन्नास-शंभर किलोमीटर चालवून परत या, एकदा चेक करू." हे सांगणारे फार कमी भेटतात. फक्त अलाइनमेंटसाठी (चाकांचे कोन जुळवायला) दुसरीकडे जावं लागलं, त्यांच्याकडचं मशीन ह्या गाडीला पुरत नाही, तेही त्यांनी आधीच सांगितलं.

आता ट्रॅकचं. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे, लांब सरळ पट्ट्यावर गाडी २३० च्या वर जाते आणि तिथून जोरात ब्रेक. गाडी जड आहे, साधारण १५५० किलो, आणि रस्त्यासाठीचा कुठलाही टायर इथे चार-पाच जोराच्या लॅपनंतर तापून गुळगुळीत वाटायला लागतो, पुढचं टोक बाहेर सरकतं. तेव्हा हट्ट करू नका, एक लॅप सावकाश मारून आत या. सेमी-स्लिकवर अजून दोन-तीन लॅप मिळतात आणि वेळही कमी येतो, ते मान्यच आहे.

हवेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक तिथेच चुकतात. फेब्रुवारीत सकाळी थंड टायरमध्ये २९ पीएसआय हवा भरली होती, पाच लॅपनंतर पिटमध्ये येऊन लगेच गेज लावला तर ३७. टायरचं तापमान ५-६ डिग्री वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतो. मी गरम असतानाच ३३-३४ वर आणतो. किती काढायची हे कळायला मुलीच्या कंपासपेटीतला खडू नेतो आणि टायरच्या खांद्यावर आडव्या रेघा मारतो. लॅप मारून आलं की रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. साईडवॉलवर छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसली तर बरोबर, त्याच्याही खाली गेली तर हवा कमी आहे आणि टायर साईडवॉलवर लोळतोय, वरच थांबली तर हवा जास्त.

आणि हे कृपा करून वाचा: ट्रॅकवर हवा काढली असेल तर निघायच्या आधी परत भरा. संध्याकाळी टायर गार झाले तेव्हा माझ्याकडे २५ दाखवत होतं. तशीच गाडी घेऊन सिमेंटच्या यमुना एक्सप्रेसवेवर गेलो असतो, मर्यादा पाळून १०० ने सुद्धा, तरी कमी हवेची साईडवॉल चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात वाकत वाकत तापत राहते आणि टायर फुटतो तो असाच. ह्या गाडीला स्टेपनी नसते, नुसतं पंक्चर किट, आणि फाटलेल्या साईडवॉलला किटचा उपयोग शून्य. मी छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवतो, हॉटेलच्या पार्किंगमध्ये चारही टायर दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरतो, मग झोपतो.

झीज म्हणाल तर पुढच्या डाव्याची बाहेरची कड सगळ्यात आधी खाल्ली, सर्किट घड्याळाच्या दिशेने आहे त्यामुळे डावीकडे जास्त जोर येतो आणि कंपनीचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकलेला कोन, ट्रॅकसाठी कमीच. पुढची-मागची मापं वेगळी म्हणून पुढची चाकं मागे टाकता येत नाहीत, पण ह्या टायरला फिरायची दिशा नाही, फक्त आत-बाहेर आहे, त्यामुळे डावं चाक उजवीकडे तसंच्या तसं लावता येतं. दुसऱ्या ट्रॅक डेनंतर मी तेच केलं. आधी केलं असतं तर पुढची जोडी अजून टिकली असती.

काल खाचा मोजल्या, मागचे ३.५ मिलिमीटर, पुढचा उजवीकडे गेलेला टायर बाहेरच्या कडेला ३ च्या जरासाच खाली. म्हणजे जूनच्या आधी सेट बदलायचा. देवास नाक्यावर फोन करून ४एस च सांगून ठेवलेत, चारही एकाच वर्षाचे पाहिजेत, आकडे मी स्वतः वाचणार.