ट्रीट फेकणारा पेट कॅमेरा: बंड्या पास, ठमी नापास (की उलटं?)

घरात एक कुत्रा, एक मांजर आणि आम्ही दोघं दिवसभर बाहेर, म्हणून हा कॅमेरा घेतला. चार महिने वापरतेय, आता लिहायला हरकत नाही. खोक्यावर कुत्रा आणि मांजर शेजारी शेजारी बसून कॅमेऱ्याकडे टक लावून बघतायत असा फोटो आहे. त्यातला मांजराचा भाग निव्वळ थाप आहे हे आधीच सांगून टाकते.

वस्तू म्हणून ठीकठाक. चित्र स्वच्छ येतं, अंधारातही दिसतं, ॲप मधूनच हँग होतं मग बंद करून परत चालू करायचं. ट्रीटच्या टाकीचं झाकण इतकं घट्ट आहे की माझं एक नख गेलं. फीचर चार: आपला आवाज ऐकवता येतो, ट्रीट फेकता येते, लेझरचा ठिपका फिरवता येतो आणि कोणी हललं की फोनवर अलर्ट येतो.

आधी आवाजाचं सांगते कारण मी त्याच्यासाठीच घेतला होता. पहिल्या दिवशी ऑफिसातून "बंड्याऽऽ" म्हटलं तर कुत्रा उठून आधी दाराशी गेला, मग आतल्या खोलीत, मग सोफ्याखाली नाक घालून शोध, शेवटी कॅमेऱ्यासमोर येऊन भुंकायला लागला. मला इतकं वाईट वाटलं की आठवडाभर आवाजच दिला नाही. नंतर त्याला कळलं की हा डबा बोलतो, आता आवाज आला की समोर येऊन शेपूट हलवत बसतो. आणि ठमी? "ठमे" म्हटलं की एक कान माझ्या दिशेने वळतो. बास. मान नाही, डोळे नाहीत, नुसता कान. नवरा म्हणाला तिला ऐकू येत नसेल, मी म्हटलं ऐकू चांगलं येतं, पडलेली नाहीये तिला. आणि खरंच, 2013 साली अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्याने 20 घरगुती मांजरांना अनोळखी लोकांचे आणि मालकाचे आवाज ऐकवले होते, तेव्हा मांजरांनी मालकाचा आवाज बरोब्बर ओळखला पण दाद म्हणून फक्त कान नाहीतर डोकं हलवलं, उठून कोणी आलं नाही. म्हणजे आमची ठमी एकदम नॉर्मल आहे, कॅमेरा बनवणाऱ्यालाच माहीत नाही की त्याचा ग्राहक कोण आहे.

ट्रीटची तर वेगळीच गंमत. सोबत मधाच्या चवीचं सॅम्पल पाकीट येतं, वर "दोघांसाठी" असं छापलंय. बंड्याने अर्ध्या दिवसात संपवलं असतं. ठमीने हुंगलं आणि पुढच्या पायाने ढकलत ढकलत कपाटाखाली सारलं. मांजराला गोड चव लागतच नाही हो! जिभेवर गोड ओळखणारी जी यंत्रणा लागते तिचं एक जीन मांजरांत बिघडलेलं आहे, 2005 मध्येच हे कळलंय. नंतर मी साधे मांसाचे तुकडे भरले तेव्हा तिने खाल्ले, पण कॅमेऱ्यासमोर नाही, उचलून लांब नेऊन. मोटर फिरायच्या वेळेला ती खोलीतच थांबत नाही. आपल्याला नुसतं घर्र ऐकू येतं, पण माणसाचा कान साधारण 20 हजार हर्ट्झला थांबतो, कुत्र्याचा 45 हजारांच्या आसपास आणि मांजराचा 64 हजारांपर्यंत जातो, उंदरांची बारीक चिरचिर टिपायला तेवढा लागतो म्हणे. त्या मोटरमधून आणखी काय काय किंचाळत असेल ते तिलाच ठाऊक. सुरुवातीचे तीन दिवस ती ज्या खोक्यातून कॅमेरा आला त्याच खोक्यात बसून होती. सासूबाई म्हणाल्या, "पैसे खोक्याचेच वसूल झाले बघ."

मग एका रविवारी ट्रीट नळीत अडकली आणि माझ्या मते अख्ख्या प्रॉडक्टचा खरा निकाल त्या दिवशी लागला. आम्ही घरीच होतो. बंड्या दोन वेळा नाक लावून बघतो, जमत नाही, की लगेच माझ्याकडे वळून बघायला लागतो, मग डब्याकडे, मग परत माझ्याकडे, "अगं काढ ना" असं तोंडावर लिहिलेलं. ठमीने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. नळीत पंजा घालून वीसेक मिनिटं खुडबूड केली, मध्ये अंग चाटलं, परत पंजा, आणि शेवटी काढली. मिक्लोशी नावाच्या हंगेरीतल्या संशोधकाने 2005 मध्ये दोन्ही प्राण्यांवर अगदी असाच प्रयोग केला होता, खाणं दिसतंय पण काढता येत नाही, तर कुत्री माणसाकडे बघतात आणि मांजरं बरीच कमी. गंमत म्हणजे माणसाने बोट दाखवलेलं दोघांनाही सारखंच कळत होतं. म्हणजे हुशारीत फरक नाही, मदत मागायची की नाही एवढाच फरक. लांडगे टोळीने शिकार करतात आणि रानमांजर एकट्याने, मग मदत मागणार कोणाकडे?

लेझर. हे मात्र मला अजिबात आवडलं नाही. ठमी पहिले दोन दिवस वेड्यासारखी धावली, मग ठिपका विझला की म्याँव म्याँव करत भिंतीपाशी फिरायची. मांजराची शिकार म्हणजे दबा, झडप, पकड, चावा. इथे पकडायला काही हातात येतच नाही. आता लेझर संपताना मी शेवटचा ठिपका तिच्या कापडी उंदरावर नेते, तो एकदा तोंडात आला की शांत. बंड्याचं जास्त वाईट झालं, तो घड्याळाच्या काचेचा कवडसा बघूनही भिंत खरवडायला लागला. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले काही कुत्र्यांना उजेडामागे धावायची खोड कायमची लागते, ताबडतोब बंद करा. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं, "आपल्या लाडक्याचा उत्साह पाहून आनंद झाला." काय बोलणार!

अलर्टचं थोडक्यात: बंड्याचे दिवसभर येतात, दाराशी पाऊल वाजलं की एक. ठमीचे दुपारी शून्य आणि पहाटे पाच वाजता ओळीने अकरा. मांजर मुळात संधिप्रकाशातला प्राणी, दिवसातले बारा ते सोळा तास झोपते, त्यामुळे ज्या वेळेत तुम्ही ऑफिसात आहात त्या वेळेत तिचा कॅमेरा म्हणजे उशीचा फोटो. तरी एक फायदा झाला, एकदा दिवसभर ती भांड्याकडे फिरकलीच नाही हे रेकॉर्डिंगमुळे लक्षात आलं. मांजर दुखणं लपवतं, आणि दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर येतं, म्हणून तसंच उचलून डॉक्टरकडे नेलं. दात दुखत होता. एवढ्यासाठी एक तारा वाढवला.

तर कुत्र्यासाठी चार तारे (लेझरचा एक कापला), मांजरासाठी दोन. फक्त मांजर असेल तर साधा, न बोलणारा न फेकणारा कॅमेरा घ्या आणि तो जमिनीवर न ठेवता कपाटावर, तिच्या बसायच्या जागेच्या उंचीला लावा, आम्ही आता तसाच लावलाय. आणि हा घेतलाच तर पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन "ऑटो प्ले" बंद करा, ते आधीपासून चालू येतं आणि तुम्ही घरी नसताना लेझर आपोआप फिरवत राहतं.