कॅल्विन की आर्मिनियस? अजून ठरत नसेल तर

बायबलमधला रोमकरांस पत्राचा नववा अध्याय (देव हवं त्याला निवडतो) आणि योहान 3:16 (विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला जीवन) दोन्ही पाठ असूनही ज्यांचं घोडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कॅल्विन आणि आर्मिनियस हे दोघे प्रोटेस्टंट धर्मपंडित. तारण, म्हणजे पापातून सुटका, कुणाला मिळणार हे देवानं माणसात काही न पाहता आधीच ठरवलं, असं कॅल्विन मानतो; देवाची कृपा स्वीकारायची की नाकारायची हे माणसाच्या हाती आहे, असं आर्मिनियस मानतो. या वादाचे नेहमीचे पाच मुद्दे तुम्हाला माहीत आहेतच, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही.

दोन्हीकडच्या थट्टेतली एकेक गोष्ट मात्र खोटी आहे. आर्मिनियसवाले स्वतःच्या बळावर तारण मिळवू पाहतात, असं म्हणतात. पण कृपेनं आधी हात दिल्याशिवाय माणूस देवाकडे वळूच शकत नाही, हे आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 मध्ये मांडलेल्या निवेदनातच आहे. उलट, सगळं आधीच ठरलं म्हटल्यावर कॅल्विनवाले सुवार्ता कशाला सांगतील? तर मिशनरी विल्यम केरी आणि सुवार्तिक जॉर्ज व्हाइटफील्ड दोघेही कॅल्विनच्याच मताचे होते. खरा वाद एवढाच, की ती कृपा नाकारता येते का आणि देवानं निवडलं ते कशावरून.

तर्काच्या बांधणीत कॅल्विनची बाजू उजवी वाटते, हे मान्य. कोण विश्वास ठेवेल हे पाहून देवानं निवडलं, असं आर्मिनियस म्हणतो. पण न ठेवणारे कोण हेही त्याला दिसत होतंच, तरी त्यांना निर्माण केलं. म्हणजे अडचण सुटली नाही, एक पायरी मागे सरकली. शिवाय मोठ्या दुःखात ‘हे प्रभूच्या हातून आलंय’ म्हणत ताठ उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातली बहुतेक कॅल्विनच्या बाजूची होती.

माझं गाडं अडलं ते निघून गेलेल्यांपाशी. आमच्या मंडळीत एक मित्र होता. प्रार्थना चालवायचा, आजाऱ्यांकडे जायचा, वचनावर बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं. पुढे त्यानं विश्वास सोडला. त्यावर लगेच निकाल आला: तो मुळात आपला नव्हताच. आधाराला 1 योहान 2:19 (‘ते आपल्यातून निघाले, पण ते आपले नव्हते’) होतंच. मला तो निकाल पचला नाही. त्याच्या प्रार्थना खोट्या असतील, तर माझ्या खऱ्या कशावरून? देवानं न निवडलेल्यांनाही काही काळ निवडलेल्यांसारखाच अनुभव येऊ शकतो, असं खुद्द कॅल्विननंच लिहून ठेवलंय. ज्या खात्रीसाठी या सिद्धान्ताकडे यायचं, तीच अशी हातातून निसटते. आर्मिनियसवाल्यांचं म्हणणं फेटाळणाऱ्या 1618-19 च्या डॉर्ट इथल्या धर्मसभेचं उत्तर असं, की खात्री देवाच्या वचनांवरच्या विश्वासातून, आत्म्याच्या साक्षीतून आणि चांगल्या कामांच्या ओढीतून येते. उत्तर प्रामाणिक आहे, पण बाहेरून दिसेल तितकं हे सगळं त्या मित्राकडेही होतं.

आर्मिनियसच्या वाटेनं निदान एवढं म्हणता येतं, की त्याचा विश्वास खरा होता आणि त्यानं तो सोडला. ऐकायला हे जास्त भीतिदायक आहे, कारण उद्या मीही सोडू शकतो. (तारण गमावता येतं का, हे 1610 च्या निवेदनकर्त्यांनीही तेव्हा खुलंच ठेवलं होतं.) पण त्यासाठी माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं खोटं ठरवावं लागत नाही. इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय कडक वाचला तर विश्वास सोडलेल्यांना परतीचा रस्ता बंद दिसतो खरा, पण असे लोक परत आलेत असं आर्मिनियसच्या बाजूचे मेथडिस्ट प्रचारक जॉन वेस्ली ठामपणे सांगत.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. ‘माझी पकड सुटली तर?’ या धास्तीनं झोप उडत असेल, तर कॅल्विनकडे तुम्हाला जास्त आधार मिळेल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त ठरवण्याआधी रोमकरांस पत्र नवव्या अध्यायापाशी बंद करू नका, अकराव्यापर्यंत सलग वाचा. तिथे विश्वासानं उभे असलेल्यांना तोडले जाण्याचा इशारा आहे, आणि तोडलेल्या फांद्या पुन्हा कलम करायला देव समर्थ आहे असंही म्हटलंय. हे लोकसमूहांबद्दल आहे, एकेका माणसाबद्दल नाही, असं कॅल्विनवाले म्हणतील. असेलही. मग नववा अध्यायही तसाच का वाचायचा नाही, हे त्यांना जरूर विचारा.